तालमीतून एमएमएच्या केजकडे निघालेल्या खान्देशी पोरांसाठी

मी स्वतः केजमध्ये लढतो, म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचे मेसेज मला नेहमी येतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं चालणारी, केज म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात होणारी लढत) करायचंय, मुंबईला कुठल्या जिमला येऊ? काहींनी मोबाईलवर नॉकआऊट बघितलेले असतात आणि त्यांना तसे चार-दोन मारायचे असतात. त्यांना मी जवळचा बॉक्सिंग क्लास सांगतो. महिनाभरात कळतं कोण टिकतं ते. बाकीची पोरं तालमीतली असतात, कान फुगलेली, यात्रेतल्या दंगली खेळलेली. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

पहिलं सांगणं हे की कुस्ती लगेच सोडू नका. केजमध्ये लढत उभी ठेवायची की जमिनीवर न्यायची, हे ज्याला पट काढता येतो, म्हणजे पाय धरून पाडता येतं, तो ठरवतो. रशियातल्या दागिस्तानचा एमएमए लढवय्या खबीब नुरमागोमेदोव्ह २९ पैकी २९ लढती जिंकून २०२० मध्ये थांबला, तो याच जोरावर. त्याच्या बुक्क्या फार देखण्या नव्हत्या, पण समोरच्याला एकदा खाली घेतलं की तो उठू देत नसे. दुसरं कारण पोटाचं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. कुस्तीच्या पदकाला सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात किंमत आहे. केजमधल्या विजयावर तसली नोकरी मिळेल, असं धरून चालू नका. वय विशीच्या आत असेल आणि राज्य पातळीच्या वर जायची धमक असेल, तर दोन-तीन हंगाम कुस्तीलाच द्या. केज कुठे पळून जात नाही.

आता खरी अडचण. वस्तादाने अंगात भिनवलेल्या काही सवयी केजमध्ये घात करतात. पाठ टेकली की चीत, म्हणून आपण जीव गेला तरी पोटावर वळतो. केजमध्ये पोटावर वळलात की समोरचा पाठीवर बसतो, दोन्ही पाय आत अडकवतो आणि मागून गळ्याला हात घालतो. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की थोड्याच सेकंदांत शुद्ध जाते, तिथे ताकदीचा काही उपयोग नाही. पाठीवर पडून पायांनी माणूस धरायचा आणि तिथूनच हात किंवा गळा पकडायचा, हे तुम्हाला नव्याने शिकावं लागेल. चांगल्या पैलवानाला ते फार कमीपणाचं वाटतं. तरी शिकायचं.

पट काढतानाचंही तसंच. डोकं खाली घालून, मान बाहेर ठेवून घुसलात की गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, तयारच असतो. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी स्पर्धेत, लढलेले पहिले भारतीय भरत खंडारे कुस्तीतूनच गेले. २०१७ मध्ये शांघायला साँग याडोंगने त्यांना याच डावावर हरवलं. घुसताना डोकं वर, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला, आणि पट लागला की तिथेच थांबायचं नाही, बाजूने निघायचं. शिवाय मॅटवर बाहेर गेलात की पंच मध्ये आणतो. इथे जाळी आहे. जाळीला टेकवून धरलेला माणूस कसा सुटतो, हा स्वतंत्र अभ्यास आहे आणि तो केज असलेल्या ठिकाणीच होतो. शहर गाठावं लागतं ते एवढ्यासाठी.

मार खायची सवय हाही वेगळा विषय आहे. सुरुवातीला बुक्की येताना डोळे मिटतात, सगळ्यांचेच मिटतात. हलक्या स्पॅरिंगने, म्हणजे सरावातल्या लढतीने, ते जातं. जोरदार स्पॅरिंग रोज करणारी जिम मर्दानी वाटते, पण तिथून लांब राहा. डोक्याला लागलेलं साठत जातं, आणि लढतीचे हातमोजे अवघे ४ औंसांचे असतात. नॉकआऊट झालात तर डॉक्टर सांगेल तितके दिवस डोक्याला मार लागू द्यायचा नाही, मग वस्ताद काहीही म्हणो.

वजनावर जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडची पोरं इथेच मरायला टेकतात. लाइटवेट गटाची मर्यादा ७०.३ किलो, त्याखालच्या फेदरवेटची ६५.८. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळे अंगातलं पाणी काढून खालच्या गटात उतरायचं आणि रात्रभर पाणी भरून मोठं होऊन लढायचं, अशी पद्धत पडली आहे. २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा अवघ्या २१ वर्षांचा चिनी लढवय्या मनिलाच्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संस्थेने शरीरातल्या पाण्याची तपासणी सुरू केली. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४५ अंश. त्यात प्लास्टिकचं जॅकेट घालून दुपारी पळणारे मी पाहिले आहेत. करू नका. खाण्यावर जेवढं उतरेल तेवढाच गट धरा. शेवटच्या आठवड्यात शेवभाजी, लोणचं, पापड बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. लगीनसराईत पंगतीला बसूच नका. वरण-बट्टीवर तूप ओतणाऱ्या मामांना तुमचा गट समजत नाही, आणि समजावणं आपल्याला जमत नाही. वजन झाल्यावर आधी ओआरएस घोट घोट, मग भात-केळी. भरीत-भाकरी लढतीनंतर.

मॅटवरचा नायटा किरकोळ समजू नका. मेडिकलवाला जी झटपट क्रीम देतो तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि बरं होईपर्यंत मॅटवर चढू नका.

पैशाचं आता. मानधन बहुतेकदा दोन भागांत ठरतं, उतरण्याचं वेगळं आणि जिंकण्याचं वेगळं. हरलात तर अर्धं. त्यातून कोचचा वाटा, गाडीभाडं, तपासण्या. गावाकडे मला अजून विचारतात, 'मार खावाना पैसा भेटतस का भो?' भेटतात, पण वर्षभर पुरत नाहीत. मी सकाळी लोकांना पर्सनल ट्रेनिंग देतो, संध्याकाळी लहान पोरांची बॅच घेतो, आणि घर त्यावरच चालतं. एका आयोजकाने माझे पैसे फार उशिरा दिले होते. तेव्हापासून मी सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागतो: तिकीट कोण काढणार, जखमेचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, आणि दुसरीकडे लढायला बंदी किती काळ. विचारल्यावर चिडतो त्या माणसाकडे लढूच नये.

आधी हौशी लढती खेळा. तिथे तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात, व्यावसायिकला पाच-पाच मिनिटांचे. ऐकायला फरक छोटा वाटतो, तिसऱ्या राऊंडला कळतो. नियम जुने व्हिडिओ बघून शिकू नका. वरून सरळ खाली मारलेलं कोपर अनेक वर्षं बंद होतं, २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत ते बऱ्याच ठिकाणी खुलं झालं, आणि हौशीत सहसा कोपरच चालत नाही. लढतीआधीच्या बैठकीत पंचाला न लाजता विचारा. मुलींनाही हेच सगळं लागू आहे. वुशू या चिनी लढाऊ खेळातून आलेल्या पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, त्यामुळे घरी नाव सांगायला आता उदाहरण आहे.

आणि पासपोर्ट काढा, आजच. कोणी जखमी झाला की बदली लढवय्या शोधताना फोन येतो, आठ-दहा दिवसांवर लढत असते आणि ती कधी देशाबाहेरही असते. आधार, दाखला आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. आपल्याकडे 'भाऊसाहेब'चं 'भाऊराव' कागदावर कधी होतं ते कळत नाही. एचआयव्ही आणि काविळीच्या ब व क प्रकारांच्या रक्ततपासण्यांचे अहवाल ताजे ठेवा. आणि वजन कायम मर्यादेपासून चार-पाच किलोंच्या आत, नाहीतर फोन आला तरी 'हो' म्हणता येत नाही.