साबळेचा तक्ता आणि माझी नडगी

मांडव्याच्या अविनाश साबळेची गोष्ट तुम्हाला पाठ असणार. आष्टी तालुका, शेतकऱ्याचं घर, शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर लष्कर, मग स्टीपलचेस (कठडे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची तीन हजार मीटरची शर्यत) आणि पुढचं सगळं. मलाही पाठ होती, आणि तरी फसलो. कारण मी ती शेवटच्या पानापासून वाचायला घेतली होती.

ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ फायनल आम्ही पाच पोरांनी एका मोबाइलवर बघितली. केनियाचा अब्राहम किबिवोत ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश सेकंदांनी सोनं गेलं, पण १९९४नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला साधं पदकही मिळालं नव्हतं. साबळेचा जन्म १९९४चाच. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी साबळे झालो. माझी वेळ होती ९ मिनिटं ३४, आठवड्याचं पळणं जेमतेम पंचावन्न किलोमीटर. कुठल्याशा व्हिडिओतून ‘साबळेचा तक्ता’, म्हणजे त्याच्या सरावाचं वेळापत्रक, उतरवून घेतला. त्याचा होता की कुणी रचलेला, देव जाणे. आठवड्याला १४० किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ. पळणं शिकवणाऱ्या आमच्या तेव्हाच्या सरांना दाखवला तर ते म्हणाले, “मनात असेल तर होतं.” मनात होतंच की! हाडात नव्हतं.

आता जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. पहिले तीन आठवडे मस्त गेले. दम वाढतो, पाय हलके वाटतात. हीच फसगत. दम आठवड्यांत वाढतो, हाड मात्र महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होतं. चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखायला लागलं. वॉर्मअपला दुखायचं, दोन किलोमीटर गेले की गायब. गायब झालं म्हणजे बरं आहे असं मी धरलं. मग ते पळताना जाईना. मग पळून झाल्यावरही राही. शेवटी रात्री अंथरुणात पडल्यावर ठणकायला लागलं, तरी मी बर्फ लावून सकाळी ग्राउंडवर.

नडगी दुखते तेव्हा एक बोट घ्या आणि हाडावरून वरून खाली दाबत या. चार-पाच बोटं लांबीभर दुखत असेल तर बहुतेक हाडावरच्या आवरणाचं दुखणं, पळणं कमी केलं की आठवड्यांत उतरतं. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, तिथे दाबल्यावर डोळ्यांत पाणी येत असेल, त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर त्याच दिवशी पळणं बंद. उद्यापासून नाही. आणि हे नीट ऐका: एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलात असं समजू नका. बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. माझा एक्स-रे दहाव्या दिवशी काढला, स्वच्छ आला. सर म्हणाले, “बघ, मनाचे खेळ.” मी अजून वीस दिवस पळलो. एमआरआयमध्ये तडा दिसला तेव्हा डॉक्टरांनी आधी मला आणि मग माझ्या वडिलांना रागावलं, त्यांची काही चूक नसताना. चार महिने गेले. युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष गेलं.

उजवीच नडगी का? आमच्या ग्राउंडवर वॉटर जंप, म्हणजे कठड्यामागचा पाण्याचा खड्डा, नव्हता. लांब उडीच्या खड्ड्यासमोर शाळेचा जुना बाक ठेवायचो आणि त्यावर पाय देऊन वाळूत पडायचो. दर वेळी उजव्याच पायावर. उरलेलं पळणं सगळं डांबरी रस्त्यावर. स्टीपलचेसला अठ्ठावीस कठडे आणि सात वेळा पाणी. पुरुषांचा कठडा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि हर्डलसारखा पडत नाही, आपणच पडतो. कठडा दोन्ही पायांनी घ्यायला शिका. वेळ वाचतोच, हाडंही वाचतात.

पडून राहिलो तेव्हा साबळेची कारकीर्द पहिल्यापासून वाचली. माणूस ५ महार रेजिमेंटचा शिपाई. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. क्रॉसकंट्री पळायला लागला २०१५मध्ये, म्हणजे विशीत. स्टीपलचेसकडे त्याला लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी वळवलं ते २०१७मध्ये. २०१८ला घोट्याच्या दुखापतीने एशियन गेम्स हुकले आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० पळून त्याने गोपाल सैनी यांचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ला दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हीटमध्येच (फायनलआधीच्या निवड फेरीत) इतरांमुळे अडखळला, भारताने दाद मागितली म्हणून फायनलला घेतलं, आणि तिथे ८ मिनिटं २१.३७. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८ मिनिटं १८.१२, नवा राष्ट्रीय विक्रम करूनही फायनल नाही. २०२३ला बुडापेस्टच्या हीटमध्ये बाहेर आणि पुढच्या महिन्या-दीड महिन्यात हांगझोऊला एशियन गेम्सचं सोनं. जुलै २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१.

भुवनेश्वर ते पॅरिस, वीस सेकंद कमी करायला जवळजवळ सहा वर्षं. मी तीस सेकंद तीन महिन्यांत मागत होतो! आणि तो व्हिडिओतला तक्ता खरा असला तरी त्याच्याखाली कित्येक वर्षांची पाठीवरच्या ओझ्याची चाल होती. माझ्याखाली होस्टेलची मेस होती.

म्हणून उशीर झाला असं वाटणाऱ्यांना सांगतो, घाबरू नका. वीस-बाविसाव्या वर्षी ही शर्यत धरता येते. आठवड्याला पाच-सहा किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्याला उतरवा. पण घरची परिस्थिती बेताची असेल तर शिक्षण सोडून ‘फुल टाइम’ पळायचं खूळ घेऊ नका. साबळेला महिन्याचा पगार होता. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकला २०१६मध्ये स्टीपलचेसची फायनल पळल्या, दहाव्या आल्या, आणि पुढे सरकारी अधिकारी झाल्या. भरतीची १६०० मीटर मारायची आणि स्टीपलचेसही, हे दोन्ही एका हंगामात जमत नाही. एक ठरवा.

सरांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. ज्या सरांच्या तोंडात ‘थांब’ हा शब्द नाही, त्यांच्याकडे पैसे भरू नका. मोबाइलवर तक्ते पाठवणारे तर सोडाच. तुम्ही कसे पडता हे ज्याने बघितलं नाही, त्याला तुमचं काय कळणार? आणि जिममधल्या ‘ताकदीच्या’ पावडरी, दुखऱ्या जागी कुणीतरी टोचलेलं इंजेक्शन, यांतलं काहीही माहिती न घेता घेतलंत आणि नाडाच्या (खेळाडूंची उत्तेजकांसाठी तपासणी करणारी सरकारी संस्था) तपासणीत सापडलात तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. जन्मदाखल्यातली दोन वर्षं खोडणाऱ्यांबद्दल बोलतच नाही, रक्तदाब वाढतो.

माझं काय झालं? परत पळालो. ९ मिनिटं १९पर्यंत आलो, स्टेटला सहावा. नॅशनल झालं नाही. आता शाळेत पीटी शिकवतो. वाईट वाटतं का? सकाळी नाही वाटत, संध्याकाळी कधीतरी वाटतं.

साबळे जुलै २०२५मध्ये मोनॅकोला पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला. ते वाचलं तेव्हा माझा हात आपोआप नडगीवर गेला होता.

पहिल्यांदा खऱ्या वॉटर जंपवर जाणार असाल, बालेवाडीला वगैरे, तर जादा मोज्यांचा जोड आणि जुनं वर्तमानपत्र न्या. शर्यत झाली की ओल्या स्पाइक्समध्ये (खिळ्यांच्या बुटांत) कागद कोंबायचा, उन्हात ठेवायच्या नाहीत, तळ सुटतो. माझा पहिला जोड तसाच गेला, वडिलांनी सोयाबीन विकून घेतलेला.