व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष कुठे शोधावा

शाहू स्टेडियमवरचा सामना घरबसल्या यूट्यूबवर पाहताना ऐन पेनल्टीच्या वेळी पडद्यावर चक्र फिरू लागले, की कोल्हापुरात बहुतेक जण पहिला फोन इंटरनेटवाल्याला लावतात. पुष्कळदा लाईन निर्दोष असते आणि खोट घरातच निघते. म्हणून तक्रार करण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे पाहून घ्यावे.

प्रथम त्याच ॲपवर दुसरा व्हिडिओ लावावा आणि मग दुसरे ॲप उघडावे. एकच प्रक्षेपण अडकत असेल, तर ते पाठवणाऱ्याकडे अडचण आहे आणि आपल्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नाही. सगळेच अडकत असेल, तर फोनचे वायफाय बंद करून तोच व्हिडिओ मोबाईल डेटावर पाहावा. तो तिथे सुरळीत चालला, तर फोन ठीक आहे आणि शोध घरच्या जोडणीपुरता उरतो. आता वायफाय पुन्हा चालू करून राउटरच्या शेजारी उभे राहावे. तिथे चित्र स्वच्छ आणि आतल्या खोलीत अडखळणारे असेल, तर दोष वायफायचा, हे निश्चित समजावे.

शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत हे विशेष जाणवते, कारण जाड दगडी भिंत वायफायच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेते. बहुतेक नव्या राउटरमधून दोन प्रकारचे सिग्नल निघतात: ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो; २.४ गिगाहर्ट्झचा लांबवर पोहोचतो, मात्र त्यावर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते. राउटर असलेल्याच खोलीत टीव्ही असेल तर पहिला निवडावा, मध्ये एखादी भिंत असेल तर दोन्ही वापरून पाहावेत. टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा देवळीत कोंबलेला राउटर बाहेर काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची तार, ओढण्याचा आहे. ती दिसायला बरी दिसत नाही, ही तक्रार घरातून येणारच, पण ती सोसावी.

राउटरजवळही व्हिडिओ अडकत असेल, तर वेग मोजावा. फुल एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि फोर-केला १५ ते २० एमबीपीएस लागतात, तेही प्रत्येक पडद्यामागे. १०० एमबीपीएसची योजना असताना डाउनलोड सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट दिसले, तर घाबरू नये. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे हिशेब बरोबरच आहे. वेग खरोखर कमी भरला, तर महिन्याची डेटा मर्यादा संपली आहे का, ते तपासावे, कारण ती ओलांडल्यावर अनेक योजनांत वेग मुद्दाम उतरवला जातो. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) लाल दिवा लागला असेल, तर ऑप्टिकल सिग्नलच येत नाही. अशा वेळी राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग नाही आणि तक्रार नोंदवणेच योग्य.

थेट प्रक्षेपणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. चित्रपट पाहताना प्लेयर पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. सामना मात्र अजून घडतच असल्याने साठवायला फारसे काही नसते आणि जोडणीतला क्षणभराचा खंडही लगेच जाणवतो. अर्धा मिनिट मागे जाऊन पाहिल्यास ही अडचण बरीच कमी होते, फक्त गल्लीतला जल्लोष गोलाच्या आधी ऐकू येतो. दर्जा ‘ऑटो’ न ठेवता ७२० किंवा ४८० वर बांधून टाकणेही उपयोगी पडते.

चक्र फिरत नाही, पण आवाज येऊनही पडदा काळाच राहतो, तेव्हा इंटरनेटला दोष देऊ नये. संगणकावर ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्राचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय, सेटिंग्जमध्ये बंद करून पाहावी. एचडीएमआय केबलने जोडलेल्या टीव्हीवर असे झाल्यास केबल किंवा पोर्ट बदलावा. जुन्या टीव्हीवर ॲप उघडतच नसेल, तर आधी टीव्हीतली तारीख आणि वेळ पाहावी, कारण ती चुकीची असल्यास सुरक्षित जोडणी नाकारली जाते. त्यानंतर ॲपची कॅशे (त्याने साठवलेली तात्पुरती माहिती) पुसावी आणि ते अद्ययावत करावे.

एवढे करूनही लाईनच दोषी ठरली, तर लॅन केबल लावून मोजलेला वेग, दिवसाची वेळ आणि डब्यावरच्या दिव्यांची स्थिती तक्रारीत लिहावी. केवळ वायफायवर मोजलेला वेग कळवला, तर ‘राउटरच्या जवळ बसा’ एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता असते.