वाड्यात इन्स्टॉलेशन (जागेतच उभारलेली कलाकृती) करायचंय? आधी नुसतं जाऊन बसा

बरेच जण काय करतात, सगळं घरीच ठरवतात आणि मग वाडा शोधायला निघतात, मग तो बिचारा वाडा प्री-वेडिंग शूटच्या बॅकग्राउंडसारखा मागे उभा राहतो. उलटं करा. दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना तिथे जाऊन बसा, ऊन कुठून येतं, कुठली फळी करकरते, बाहेरचा आवाज किती येतो ते बघा.

आता पुण्यातला विश्रामबाग वाडा घ्या. १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा, १८१८ ला पेशवाई गेली, १८२१ ला इंग्रजांनी तिथेच संस्कृत पाठशाळा काढली आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. म्हणजे विलास, पाठांतर, आग, तीन विषय वाड्यानेच दिलेत. एकच उचला, तिन्ही घेतले की भेळ होते.

समजा पाठांतर घेतलं. प्रेक्षक वाड्याच्या आतल्या चौकात, आणि पाच जण सुरूच्या झाडाच्या आकाराच्या लाकडी खांबांच्या मागे, एकच ओळ घोकतायत, एक चुकला की सगळे थांबणार आणि पुन्हा पहिल्यापासून. माइक नको. बाजीराव रोडचे हॉर्न आत येणारच, मग हॉर्न वाजला की चुकायचं असंच ठरवून टाका, ट्रॅफिक फुकटात कामाला लागतो 😄

मांडणीला मांजरपाटाच्या कोऱ्या पट्ट्या पुरतात. त्या बांबूच्या स्वतंत्र चौकटीला सुतळीने बांधा, पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा. खिळा नाही, टेपसुद्धा नाही!! आम्ही एका जुन्या घरात 'काही होत नाही' म्हणून डबल टेप लावली होती, काढताना तळहाताएवढं पॉलिश सोलून आलं, मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पणत्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. एकदा जळलेल्या सागवानी वाड्यात तरी नको, पिवळे एलईडी चालतात.

परवानगीसाठी वास्तू कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. विश्रामबागसाठी महापालिका, शनिवारवाड्यासाठी केंद्राचं पुरातत्त्व खातं, दोन्हीकडचे अर्ज वेगळे. वरचा मजला वापरणार असाल तर किती माणसं चालतील ते इंजिनिअरकडून लेखी घ्या, तोंडी 'हो हो चालेल' धरू नका.

आणि सुतळ्या बांधताना मोजून ठेवा, रात्री उतरवताना तेवढ्याच परत आल्या पाहिजेत.