ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी बदलताय? आधी कूलरचे पाइप बघा

गळीत हंगामात कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर आणि मागं आपण, हे ठरलेलंच. ऑटोमॅटिक गाडीत क्लच दाबायचा नाही म्हणून आपण निवांत असतो, पण तो ताप टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, सोसतो. रांगत्या चालीत आतलं ऑइल घुसळून तापतं. ती उष्णता बाहेर काढायला दोन बारीक पाइप असतात. एकातून ऑइल गिअरबॉक्समधून कूलरकडं जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. बऱ्याच गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. ऑइल बदलायचं सगळ्यांना आठवतं, पाइपकडं कुणी वाकून बघत नाही.

आधी आपली गाडी ओळखा. रस्त्यावरच्या बऱ्याच स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ गाड्या एएमटी असतात, म्हणजे आत साधा गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला यंत्र. त्यांना पुढचं काहीच लागू नाही. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) आणि डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) यांची ऑइलंही वेगळी. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच आणायचा. डेक्स्रॉन हा असाच एक ग्रेड, पण डेक्स्रॉन ६ मागणाऱ्या गाडीत डेक्स्रॉन ३ चालत नाही. दुकानदार ‘सगळ्याला चालतंय’ म्हणाला तरी डबा उलटा करून मागचं वाचा.

मग जुनं ऑइल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. नवं बहुतेक ऑइल कोकम सरबतासारखं लाल आणि आरपार दिसणारं असतं. चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदलायची वेळ झाली. काळं पडून करपल्याचा वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळत आल्यात, नुसत्या ऑइलनं भागणार नाही. आणि गुलाब सरबतात दूध ओतल्यासारखं दिसलं तर हात लावू नका, गाडी सुरूही करू नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट मिसळलंय किंवा पुराचं पाणी शिरलंय. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात जुनी गाडी घेणाऱ्यानं तर हा कागद आधी काढावा.

गाडी सपाट जागी हवी. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, चारही बाजूंना लोखंडी स्टँड पाहिजेत. सर्व्हिसिंगवाला ओळखीचा असेल तर तासभर त्याचा रॅम्प मागा, त्यात कमीपणा नाही. ऑइल कोमट असावं, उकळतं नको.

पहिलं काम पाइपचं. आधी नवं ऑइल भरून मग पाइप सोडला तर नवंच ऑइल घमेल्यात जातं. पाइप डिझेलच्या चिंधीनं पुसा, वरून टाल्कम पावडर मारा आणि इंजिन १० मिनिटं चालू ठेवा. गळती जिथं असेल तिथं पावडर लाल होईल. बहुतेकदा ती लोखंड आणि रबर जोडलेल्या दाबपट्टीपाशी निघते, नाहीतर पाइप ब्रॅकेटला घासून झिजलेला असतो.

रबराचा तुकडा फुगला किंवा चिरला असेल तर बदलायचा. यात पाण्याचा पाइप चालत नाही, गरम ऑइलनं तो मऊ पडून निसटतो. दुकानात ‘गिअर ऑइल कूलरचा होजपाइप’ असंच सांगून मागा. तो ज्या लोखंडी टोकावर चढवायचा त्याला गोल उंचवटा पाहिजे. गुळगुळीत टोकावर दोन क्लिपा आवळल्या तरी घाटात पाइप सुटू शकतो. मधेच लोखंडी पाइप कुजला असेल तर हॅक्सॉ लावू नका, भुसा आत जातो. पाइप कटरनं कापा, टोकं फुलवून घ्या आणि युनियननं, म्हणजे दोन पाइप जोडायच्या नटानं, जोडा. हत्यार नसेल तर जुना पाइप नमुना म्हणून उद्यमनगरात न्या. फाउंड्र्या आणि लेथवर उभ्या असलेल्या या गावात तसा वाकवून देणारा हात सापडतोच. नवा पाइप बसवण्याआधी आतून हवेनं साफ करा. जोडाला टेफ्लॉन टेप नको, तिचा धागा आतल्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

रेडिएटरकडचा नट सोडताना एक पाना नटाला आणि दुसरा मागच्या अडॅप्टरला धरायचा. मी पहिल्या वेळी एकाच पान्यानं जोर लावला. नट जागचा हलला नाही, अडॅप्टर मात्र टाकीसकट पिळला आणि मला रेडिएटर बदलावा लागला.

आता ऑइल. खालचा ड्रेन बोल्ट सोडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. निघालेलं ऑइल दुधाच्या मापानं मोजा आणि आकडा लिहून ठेवा, नंतर भरताना तोच लागतो. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तसराळं, काढलं तर आतल्या चुंबकांवर करडा, मऊ लेप असतो, तो झिजेचा आहे, साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण मिळाले तर काम तिथंच थांबवून जाणकाराला दाखवा. फिल्टर आणि पॅकिंग नवं घाला. चेंबरचे बोल्ट बारीक असतात आणि आटे ॲल्युमिनियममध्ये. टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याइतकेच, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. ड्रेन बोल्टचा वायसर नवा.

सगळं ऑइल एका वेळी निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ३ निघालं, तर ५ जुनंच राहिलं, म्हणजे ६२ टक्के. थोडे दिवस गाडी चालवून असं तीनदा केलं की जुनं साधारण २४ टक्क्यांवर येतं. मशीन लावून एकदम बदलण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, सवडीनं होतं.

जेवढं निघालं तेवढं नरसाळ्यानं भरा. पाइपमधून सांडलेलंही त्यात धरा. मग कुणालातरी ब्रेक दाबून बसवा, इंजिन चालू करा आणि प्रत्येक गिअरवर काही सेकंद थांबत लिव्हर फिरवून पुन्हा ‘पी’वर आणा. डिपस्टिक असेल तर पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला बघा. नसेल तर पातळीचा बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला (बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंश) आल्यावर तो सोडायचा. धार थेंबांवर आली की बंद. तापमान गाडीच्या सॉकेटला जोडायच्या स्कॅनरवर वाचा, हात लावून अंदाज नको. जास्त भरलं तर फेस होतो आणि गिअर घसरतो.

जुनं ऑइल गटारात ओतलं तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, इंजिन ऑइलच्या पिंपात तोही टाकतो.

संध्याकाळी जोतिबाचा डोंगर चढवून आणा. पाइप तापून दाबाखाली आला तरच जोडाची परीक्षा होते. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर नुसतं पाणी दिसलं तर ते एसीचं. लाल थेंब असेल तर त्याच्या बरोबर वरचा जोड बघा, पण थेंब पाइपवरून घरंगळत खाली आलेला असतो, म्हणून टाल्कम पुन्हा मारा.