आधीची पदवी हातात असताना नर्स व्हायचं: अमेरिकेतला एबीएसएन कोर्स कसा निभवायचा

बी.कॉम., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग झालंय, संसार अमेरिकेत थाटलाय आणि आता नर्स व्हायचंय, अशा माणसासाठी तिथे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे एबीएसएन, हा रस्ता आहे: आधीची पदवी असलेल्यांना नर्सिंगची पदवी (बीएसएन) कमी वेळात देणारा कोर्स. सेंट लुईस युनिव्हर्सिटीने 1971 मध्ये असा पहिला कोर्स सुरू केला. आज हे कोर्स साधारण 11 ते 18 महिन्यांचे असतात. महाराष्ट्रातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून गेलेल्यांना हा कोर्स करावा लागत नाही. त्यांनी शिक्षणाची पडताळणी करून घेऊन थेट एनक्लेक्सची, म्हणजे नर्सच्या परवान्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करावी.

या कोर्सात शिकायचं तेवढंच असतं, चुकलेलं सावरायला मात्र वेळ नसतो. नेहमीच्या कोर्सात एक परीक्षा बिघडली तर पुढे सत्र पडलेलं असतं. इथे एक विषय सात-आठ आठवड्यांत संपतो, त्यात तीन-चार परीक्षा होतात आणि नापास झालात तर पुढच्या तुकडीची वाट बघत बसावं लागतं. म्हणूनच निम्मी लढाई पहिल्या दिवसाच्या आधीच लढायची असते.

प्रवेशाआधीचं वर्ष

आधी भारतातल्या पदवीचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन, म्हणजे प्रत्येक विषयाची अमेरिकी विषयांशी तुलना, करून घ्या. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचं अधिकृत गुणपत्रक, थेट मूल्यांकन संस्थेकडे जावं लागतं, तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, आणि यात सहज काही महिने जातात. तीन वर्षांची पदवी प्रत्येक कॉलेज अमेरिकी पदवीच्या बरोबरीची धरत नाही. त्यामुळे मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी कॉलेजला ईमेल करा: तीन वर्षांची भारतीय पदवी चालते का, आणि कोणत्या संस्थेचं मूल्यांकन हवं? उत्तर लेखी घ्या.

मग प्रीरिक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, मानवी विकासाचं मानसशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन. शास्त्राचे विषय लॅबसकट हवेत. भारतात झुऑलॉजी शिकलात म्हणून अ‍ॅनाटॉमीची सूट मिळेल असं धरून चालू नका. शिवाय अनेक कॉलेजं पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने शास्त्राचे विषय मानत नाहीत. हे सगळं कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात होतं, पण अ‍ॅनाटॉमीचा दुसरा भाग पहिल्यानंतरच घेता येतो, म्हणून दोन ते तीन सत्रं हाताशी ठेवा. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी घाईघाईने उरकू नका. हृदय, किडनी आणि क्षारांचं संतुलन ज्यांना नीट समजलेलं असतं त्यांना पुढचं वर्ष झेपतं. बाकीच्यांना तेच धडे औषधांसोबत पुन्हा शिकावे लागतात.

बरीच कॉलेजं टीस नावाची प्रवेशपरीक्षा मागतात: 170 प्रश्न, 209 मिनिटं. वाचन, गणित, शास्त्र आणि इंग्रजी असे तिचे चार भाग असतात. आपल्याकडच्या मुलांचे गुण गणितापेक्षा वाचनात जास्त जातात, कारण उताऱ्यात जे लिहिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं असतं.

कॉलेज निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आणि त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी, दोन्ही तपासा. पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतं. पण तेवढ्यावर भुलू नका. शंभरांनी प्रवेश घेतला आणि साठच जण शेवटपर्यंत टिकले, तर त्या साठांचा निकाल चांगलाच दिसणार. वेळेत किती जण बाहेर पडले, हे विचाराच.

पैशाबाबत एक गोष्ट उशिरा कळते आणि मग फार त्रास होतो. पहिली पदवी हातात असल्यामुळे पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना सरकारी कर्ज मिळू शकतं, पण स्वतंत्र विद्यार्थ्यासाठी वर्षाची कमाल मर्यादा 12,500 डॉलर आहे आणि खाजगी कॉलेजची फी त्याच्या कितीतरी वर जाते. एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बी वाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, सरकारी कर्ज मात्र मिळत नाही. एच-4 वाल्यांनी आणखी एक चौकशी आधीच करावी: बरीच राज्यं परवाना देताना सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तो नसेल तर काय, हे कोर्स संपल्यावर नाही, फी भरण्याआधी बोर्डाला विचारा.

लसींची फाईल

प्रत्यक्ष अभ्यासाआधीच मुलं अडकतात ती इथे. हिपॅटायटिस बी च्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती तपासायची असते. प्रवेशाचं पत्र आल्यावर सुरुवात केलीत तर उशीर झालाच म्हणून समजा. वेळ कमी असेल तर महिन्याच्या अंतराने दोन डोसांची लसही मिळते, डॉक्टरांना विचारा.

टीबीचं आपलं वेगळंच. भारतात जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. सरळ रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांची लस घ्यायची असेल तर टीबीची चाचणी त्याच दिवशी करा, नाहीतर निदान चार आठवडे थांबा. या जिवंत लसी चाचणीचा निकाल दाबू शकतात. यांखेरीज टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि फ्लूची लस, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रशिक्षणाचं कार्ड, ड्रग टेस्ट आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते. एक कागद जरी राहिला तरी क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला, उभं करत नाहीत, आणि तास बुडाले की विषय बुडतो.

पहिली परीक्षा

पास होण्याची रेघ बहुतेक ठिकाणी 75 ते 78 टक्क्यांच्या दरम्यान असते. वरचा अपूर्णांक पुढे ढकलून देत नाहीत: 77 लागत असतील तर 76.9 म्हणजे नापास. आयुष्यभर पहिल्या पाचांत आलेली मुलंही पहिल्या परीक्षेत सत्तरीत येतात. बुद्धी कमी पडत नाही, पाठांतराची सवय आड येते. एक प्रश्न बघा.

सकाळचा रिपोर्ट मिळालाय, चार पेशंट आहेत. सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट, ऑक्सिजन 90 टक्के. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा, दुखणं दहापैकी सहा. डायबेटिसचा, साखर 210. आणि काल थायरॉइड काढलेली बाई, म्हणतेय की ओठांभोवती मुंग्या येताहेत. आधी कुणाकडे जाल?

पुस्तक पाठ केलेला सीओपीडीकडे धावतो, कारण श्वास पहिला. पण त्या पेशंटसाठी 88 ते 92 हेच अपेक्षित आहे. मुंग्यांची तक्रार वरवर किरकोळ वाटते, पण थायरॉइड काढताना पॅराथायरॉइडला धक्का लागला तर कॅल्शियम उतरतं, आणि ते आणखी उतरलं तर स्वरयंत्र आवळलं जाऊन श्वासच बंद होऊ शकतो. आधी तिच्याकडे जायचं. इथले तिन्ही आकडे पाठ असून भागत नाही. कोणती गोष्ट अपेक्षित, कोणती नवी, आणि कशातून पुढे जीव जाईल, हे ओळखायचं असतं.

म्हणून अभ्यासाची पद्धत पहिल्याच आठवड्यात बदला. धडा एकदा वाचा, सुंदर नोट्स काढत बसू नका, त्याच दिवशी त्या विषयाचे 25 ते 30 प्रश्न सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ लिहा: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत चुकीचा निवडला? दोन आठवड्यांत तुमची चूक कोणत्या जातीची आहे ते दिसतं. आणि परीक्षा बिघडली तर त्याच आठवड्यात शिक्षकांकडे पेपर घेऊन जा. आपल्याला संकोच वाटतो, पण तिथे विद्यार्थ्याने येऊन विचारणं हेच अपेक्षित असतं.

डोसचं गणित

यात बहुतेक कॉलेजं 90 ते 100 टक्के मागतात. गणित सोपं असतं, चूक एककात होते. उदाहरणार्थ, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) 18 युनिट्स दर किलोला दर तासाला, पेशंटचं वजन 176 पौंड, पिशवीत 250 मिलिलिटरमध्ये 25,000 युनिट्स. आधी 176 भागिले 2.2, म्हणजे 80 किलो. मग 18 गुणिले 80, म्हणजे तासाला 1440 युनिट्स. पिशवीत एका मिलिलिटरला 100 युनिट्स, म्हणून पंप तासाला 14.4 मिलिलिटरवर. पौंडांचे किलो करायला विसरलात तर उत्तर 31.7 येतं, दुपटीहून जास्त, आणि खऱ्या पेशंटला त्यातून रक्तस्राव होतो. लिहिताना 0.5 लिहा, नुसतं .5 नको, आणि 5 लिहा, 5.0 नको. टिंब नजरेतून सुटलं की डोस दसपट होतो.

स्किल्स लॅब

चेक-ऑफला, म्हणजे शिक्षकांसमोरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, सगळ्यात जास्त मुलं पडतात ती लघवीचा कॅथेटर, म्हणजे नळी, घालताना, आणि पडतात ती निर्जंतुकपणा मोडल्यामुळे. निर्जंतुक कापडाची कडेची एक इंच पट्टी दूषित धरायची. हात कमरेच्या खाली गेला किंवा कापडाकडे पाठ झाली, की ते मोडलं. स्त्री पेशंटमध्ये ज्या हाताने त्वचा बाजूला धरली तो हात तिथेच राहतो, तो परत किटमध्ये येत नाही. हेच विसरायला होतं, म्हणून वंगणाची सिरिंज उघडणं आणि कापसाचे गोळे भिजवणं आधीच उरकून ठेवा. कॅथेटर चुकून योनिमार्गात गेला तर तो काढू नका, खूण म्हणून तिथेच राहू द्या आणि नवा निर्जंतुक कॅथेटर घ्या. लघवी दिसल्या दिसल्या कॅथेटरच्या टोकाचा फुगा फुगवू नका. आणखी एक-दोन इंच आत सरकवा, मगच फुगवा, नाहीतर फुगा मूत्रमार्गातच फुगतो. घरी उशी ठेवून, प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत, सलग तीनदा बिनचूक जमेपर्यंत करा.

क्लिनिकलचा दिवस

सातची पाळी म्हणजे पावणेसातला वॉर्डात हजर. बारा तास उभं राहायचं असतं, बुटांवर पैसे खर्च करा. रिपोर्ट संपला की आधी पेशंटच्या लॅब बघा, मग औषधं. फ्युरोसेमाइड द्यायचं असेल तर रक्तदाब आणि पोटॅशियम; डिगॉक्सिन असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके. मोठ्या माणसात 60 च्या खाली असतील तर औषध थांबवून नर्सला सांगा. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरू शकतं, आणि ते उतरलं की डिगॉक्सिन विषारी ठरतं, म्हणजे ही दोन औषधं एकाच पेशंटला असतील तर शिक्षक हाच प्रश्न विचारणार.

आपल्या मुलांना एक शेरा वारंवार मिळतो: पुढाकार नाही. मोठ्यांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपल्याकडचं वळण. तिथे गप्प उभं राहणं म्हणजे रस नाही असा अर्थ होतो. सकाळीच नर्सला नावाने हाक मारून सांगा: आज मला ड्रेसिंग आणि इन्सुलिन करायचंय, तुमच्यासमोर करू का? आणि येत नसेल तर येत नाही म्हणा. न येणारी गोष्ट लपवणं ही तिथे सगळ्यात मोठी चूक धरली जाते.

घरची घडी आधीच बसवा. नोकरी पूर्णवेळ चालू ठेवून हे जमत नाही. मुलांना शाळेत सोडायला-आणायला दुसरं माणूस हवं, कारण क्लिनिकलची वेळापत्रकं आयत्या वेळी बदलतात. भारतातली लग्नं या वर्षी चुकणार, हे घरच्यांना आधीच सांगा.

एनक्लेक्स

पदवीनंतर चार ते आठ आठवड्यांत परीक्षा देऊन टाका, लांबवलं की विसरायला होतं. रोज 75 प्रश्न, आणि त्यांची उत्तरं तपासायला सोडवण्याहून जास्त वेळ. एप्रिल 2023 पासून परीक्षेचं स्वरूप बदललंय. आता किमान 85, कमाल 150 प्रश्न असतात आणि वेळ पाच तास. गुण मोजल्या जाणाऱ्या तीन केस स्टडीज असतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. संगणक 85 ला थांबला तर पासही असू शकता आणि नापासही, त्यावरून अंदाज बांधत बसू नका. नापास झालात तर 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं.

शेवटची अडचण नावाची, आणि ती आपल्याकडच्या बायकांना हमखास येते. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नावच गायब. परीक्षेला जाताना दाखवायच्या ओळखपत्रावर जसं असेल तसंच नाव नोंदणीत लिहा. जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि 200 डॉलर फी पुन्हा भरावी लागते. लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत कॉलेजच्या पहिल्या अर्जापासून फाईलमध्ये ठेवा. नाव दुरुस्त करायचं असेल तर ते परीक्षेची तारीख घेण्याआधी करून घ्या.