हौसा शिकताय? क्रियापदाच्या आधी काय आहे ते बघा

उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात नोकरीला आलात की इथल्या हौसा भाषेतलं ‘सन्नू’ (नमस्कार), ‘ना गोदे’ (धन्यवाद), ‘नावा ने?’ (कितीला?) एवढं पहिल्या आठवड्यात तोंडात बसतं. बाजारहाट तेवढ्यावर होतो. त्यापुढे मात्र माझे चार महिने गेले, आणि तेही एकाच गोष्टीपायी.

आपल्याकडे काळ क्रियापद सांगतं. आला, येतोय, येईल. कर्ता गाळला तरी अडत नाही. हौसात ‘झो’ म्हणजे येणं, पण काळ आणि पुरुष दोन्ही त्याच्या आधीच्या छोट्या शब्दात असतात. ‘या झो’ म्हणजे तो आला, ‘झाय झो’ म्हणजे तो येईल. ‘येतोय’साठी ‘यना झुवा’. इथे ‘झो’चं नाम येतं. आणि नीट ऐका, कर्त्याचं नाव घेतलं तरी हा छोटा शब्द सुटत नाही. ड्रायव्हर आला म्हणजे ‘दिरेबा या झो’. मराठी कानाला तो ‘या’ उगीचचा वाटतो. ‘ड्रायव्हर तो आला’ असं आपण कुठे म्हणतो?

मीही तो गाळला. गोदामात माल भरायची घाई होती, सुपरवायझरला सांगायला गेलो, ‘दिरेबा झो’. नुसतं ‘झो’ म्हणजे ‘ये’. ट्रकखाली वाकलेला ड्रायव्हर हातातला पाना टाकून धावत आला आणि काय काम आहे म्हणून माझ्यासमोर उभा राहिला. मला फार लाज वाटली.

नकाराचंही तसंच. ‘दिरेबा बाय झो बा’, म्हणजे ड्रायव्हर आला नाही. दोन्हीकडून ‘बा’ हवा, पहिला ‘बाय’मध्ये मिसळलेला. शेवटचा विसरलात तर समोरचा वाक्य संपायची वाट बघत राहतो. ‘येत नाहीये’ला मात्र ‘बा या झुवा’, इथे शेवटी ‘बा’ नाही. पाठ करा, कारणं नंतर शोधा.

लिंगाला घाबरू नका, जेवलास-जेवलीस आपण रोज करतो. पुरुषाला ‘का ची अबिंची?’, बाईला ‘किन ची अबिंची?’. फक्त आंबा-घोड्याची सवय सोडा. हौसात आकारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी, म्हणून ‘मोता’ला (गाडी) ‘र’ लागून ड्रायव्हरची गाडी ‘मोतार दिरेबा’. घर, पाणी, मांस (गिदा, रुवा, नामा) हे अपवाद. ते पुल्लिंगी, त्यांना ‘न’ लागतो: ड्रायव्हरचं घर ‘गिदान दिरेबा’.

एक जुने सहकारी सांगायचे, शब्द फेका, लोक समजून घेतात. घेतात, पण चूक कोणी दुरुस्त करत नाही. हा सल्ला ऐकू नका. वहीत देवनागरीत लिहून घोकणंही पुरत नाही. ‘वुया’ एका सुरात मान (डोक्याखालची), दुसऱ्या सुरात त्रास. वहीत दोन्ही सारखेच दिसतात.

मला शिकवलं ते आमच्या फाटकावरच्या मै गादीने, म्हणजे राखणदाराने. संध्याकाळी एकच क्रियापद घ्यायचं आणि म्हणून घ्यायचं: ना झो, का झो, किन झो, या झो, ता झो. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांनी मी सुपरवायझरला म्हटलं, ‘दिरेबा बाय झो बा तुकुना’, ड्रायव्हर अजून आला नाही. त्याने मान हलवली आणि ड्रायव्हरला फोन लावला.