ओपन सोर्समध्ये उतरणाऱ्या अनुभवी फ्रीलान्सरनो, या चुका टाळा

२२ वर्षं मी फ्रीलान्स प्रोग्रॅमिंग केलं. काम वेळेत द्यायचं, बिल लावायचं, पुढचं काम धरायचं. ज्या ओपन सोर्स लायब्रऱ्यांच्या, म्हणजे कुणालाही वापरता-सुधारता येणाऱ्या तयार कोडच्या, जिवावर ही सगळी रोजीरोटी चालली, त्यांचं थोडं तरी ऋण फेडावं असं मनापासून वाटू लागलं, तेव्हा स्वयंसेवक म्हणून कामाला लागलो. एवढा अनुभव गाठीशी असताना अडणार कुठे, असं वाटत होतं. अडलो ते नेमका त्या अनुभवाने लावलेल्या सवयींपायी. तुमच्यापैकी कुणी याच वळणावर असेल तर त्याचे काही महिने वाचावेत, म्हणून हे लिहितोय.

आल्याआल्या सगळं घर आवरायला काढणं

माझा पहिला पॅच (दुरुस्तीचा कोड) तारखांचा हिशेब करणाऱ्या एका लायब्ररीसाठी होता. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की उत्तर ३ मार्च यायचं. लायब्ररीच्या माहितीपत्रकात मात्र महिन्याचा शेवटचा दिवस येईल असं लिहिलेलं. दुरुस्ती चार ओळींची होती. पण फाइल उघडली आणि मला राहवेना. फंक्शनची नावं बदलली, टॅबच्या जागी स्पेस घातल्या, एक जुनी फाइल उडवली. एकूण बदल १,४०० ओळींच्या वर गेला. तीन दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं: ‘यात बग नेमका कुठे दुरुस्त झालाय, ते मला सापडत नाही.’

त्याचं बरोबर होतं. माझे क्लायंट कोड वाचत नसत, चालतोय ना एवढंच बघत. इथे मात्र दिवसभराची नोकरी करून रात्री तासभर बसणारा माणूस तुमची ओळ न् ओळ वाचतो. एकदा कोड आत घेतला की पुढे कित्येक वर्षं तो त्यालाच सांभाळायचा असतो. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे मिळतात. तो वाचून तपासणाऱ्यांचा वेळ मात्र फार थोडा असतो, आणि आपण पाठवलेली प्रत्येक जादा ओळ त्या वेळातून वजा होते.

कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात मी नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढली, ‘गिट ॲड’ला पी हा पर्याय देऊन हवे तेवढेच तुकडे निवडले आणि चार ओळींची दुरुस्ती व तिची एक टेस्ट एकाच कमिटमध्ये (इतिहासातल्या एका नोंदीत) पाठवली. दुसऱ्या दिवशी ती मूळ कोडमध्ये मर्ज झाली. एका कमिटमध्ये एकच बदल, या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. पुढे कधी काही बिघडलं तर ‘गिट बायसेक्ट’ इतिहास दर वेळी निम्मा करत जातं आणि १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० पायऱ्यांत हाती देतं. पण ते कमिटच १,४०० ओळींचं निघालं, तर शोध तिथून पुन्हा सुरू.

करार न वाचता कोड देणं

याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘या काळात लिहिलेला सर्व कोड क्लायंटचा’ असं कलम अनेक करारांत असतं. चालू करार काढून वाचा, शंका असेल तर लेखी परवानगी घ्या. वर्षानुवर्षं जमवलेल्या आपल्या तुकड्यांच्या फोल्डरमधून तर काहीच उचलू नका. त्यातला कुठला तुकडा कुणाच्या पैशातून लिहिला गेला, हे आता आठवत नसतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) २००४ पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते, इतर अनेक प्रकल्पही ती मागतात. हा कोड या लायसन्सखाली देण्याचा हक्क मला आहे, असं तुम्ही त्या ओळीने स्वतःच्या नावावर सांगत असता.

गिटमधला ईमेलही आधी तपासा. माझं एक कमिट क्लायंटने दिलेल्या पत्त्यावरून गेलं आणि मर्ज झालं; ते आता इतिहासात कायमचं आहे. गिटच्या २.१३ या आवृत्तीपासून फोल्डरनुसार वेगळी सेटिंग ठेवता येतात. तेवढं पहिल्याच दिवशी करून टाका.

उत्तर आलं नाही म्हणून तगादा लावणं

पॅच पाठवून दोन आठवडे झाले, कुणी बघितला नाही. आधी आपलं तपासा: आपोआप चालणाऱ्या टेस्ट लाल आहेत का, मुख्य ब्रँच पुढे गेल्याने कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आलाय का, साइन-ऑफ राहिलंय का. सगळं ठीक असेल तर एकच विनंतीची ओळ लिहा आणि तोवर दुसऱ्याचा पॅच तपासायला घ्या.

दबाव काय करतो हे एक्सझी युटिल्स या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाच्या २०२४ च्या प्रकरणात दिसलं. थकलेल्या एकट्या मेंटेनरमागे काही खात्यांनी लकडा लावला, मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षांत विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात दुरून सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून ती उघडकीला आली. नव्या माणसाला लगेच अधिकार देत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका.

फक्त कोडच द्यायचा असं धरून चालणं

‘कधीकधी बंद पडतं’ एवढंच लिहिलेले बग रिपोर्ट प्रत्येक प्रकल्पात पडून असतात. नेमकं काय घडलं हे क्लायंटकडून काढून घेण्यात आपली हयात गेलीय. तसाच एक रिपोर्ट घेऊन मी तक्रारदाराला सहा प्रश्न विचारले आणि बिघाड हमखास दाखवणारा १२ ओळींचा प्रोग्रॅम करून दिला. दुरुस्ती दुसऱ्याच कुणी केली. त्या प्रकल्पातलं माझं सगळ्यात उपयोगाचं काम मी तेच मानतो.

तारीख देऊन मोकळं होणं

‘शुक्रवारपर्यंत देतो’ हे वाक्य आपल्या तोंडी बसलेलं असतं. मग पैशाचं काम येतं आणि आपल्या नावावर घेतलेला इश्यू (प्रकल्पात नोंदवलेलं काम) तसाच अडकतो. नाव दिसतं म्हणून दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. मी एक इश्यू असा चार महिने अडवून ठेवला होता. शेवटी दोन ओळी लिहिल्या: ‘मला वेळ होत नाहीये, हा सोडतो. झालं तेवढं काम या ब्रँचवर आहे.’ आठवड्याभरात एका मुलीने तिथूनच पुढे नेऊन तो पुरा केला.